टीएसएच जरासा वाढलाय, मग आता शुगरही होणार का?

ताई, तुम्ही जे कळवलंत ते आधी एका जागी मांडते म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. वय ३८, टीएसएच ६.८, फ्री टी४ (थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन) नॉर्मल, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.०, उपाशीपोटी शुगर ९४, हिमोग्लोबिन ९.८, पाळीत ब्लीडिंग खूप होतं, दोन वर्षांत ६ किलो वजन वाढलं, केस गळतात म्हणून बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत, आईला १२ वर्षांपासून डायबेटीस. एका डॉक्टरांनी थायरॉईडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली, दुसरे म्हणाले आत्ता थांबा. आणि तुमचे प्रश्न तीन: या थायरॉईडमुळे मलाही शुगर होणार का, गोळी घेतली तर ती टळेल का, आणि आईचंही थायरॉईड तपासून घ्यायचं का.

पहिल्या दोनची उत्तरं आधी देऊन टाकते. संबंध आहे, पण तो छोटा आहे आणि दोन्ही बाजूंनी चालतो. थायरॉईडची गोळी ही शुगर टाळायची गोळी नाही. आणि तुम्ही ज्या एचबीए१सीला घाबरलायत ना, त्या आकड्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही, त्याचं कारण तुमच्याच रिपोर्टमध्ये दोन ओळी खाली लिहिलेलं आहे. त्यावर येतेच.

आधी थायरॉईडचं. टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नाहीच, तो मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. थायरॉईड काम कमी करायला लागलं की पिट्युटरी त्याला मोठ्याने हाक मारते, टीएसएच म्हणजे त्या हाकेचा आवाज असं धरा. आवाज वाढलाय पण काम अजून पूर्ण होतंय, म्हणजे टीएसएच जास्त आणि फ्री टी४ नॉर्मल, याला आम्ही सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतो, साध्या भाषेत सौम्य थायरॉईड. बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची वरची मर्यादा ४ ते ४.५ च्या आसपास असते, आणि ४.५ ते १० मधली माणसं खूप असतात, तुम्ही त्यातल्याच एक. टीएसएच १० च्या वर गेला किंवा फ्री टी४ खाली आला की गोष्ट वेगळी, मग मी एवढी चर्चा करत बसत नाही.

आता शुगरशी याचा काय संबंध. थायरॉईड हार्मोन कमी पडला की इन्सुलिनने कितीही सांगितलं तरी स्नायू ग्लुकोज नेहमीसारखं आत ओढून घेत नाहीत, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स वाढतो. त्याच वेळी लिव्हर ग्लुकोज बनवायचं कमी करतं, आतड्यातून ग्लुकोज शोषलं जाणंही मंदावतं आणि इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं. म्हणजे एक गोष्ट शुगर वर ढकलते आणि तीन खाली खेचतात, त्यामुळे थायरॉईड चांगलंच कमी असलेल्या पेशंटचीसुद्धा उपाशीपोटी शुगर बऱ्याचदा अगदी नॉर्मल येते. शुगर पटकन आणि ठळकपणे वाढवतं ते उलट, जास्त चालणारं थायरॉईड. त्यात लिव्हर भराभर ग्लुकोज सोडतं, आतड्यातून शोषण वाढतं आणि इन्सुलिन लवकर संपतं. हे लक्षात ठेवा कारण थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली की शरीराची अवस्था तीच होते, आणि शुगर टळावी म्हणून घेतलेली गोळी शुगर वाढवून बसते. मुद्दाम डोस वाढवून घेणारे पेशंट असतात बरं का, वजन उतरेल म्हणून, नंतर धडधड, झोप नाही, हात थरथरतात म्हणून येतात.

मग सौम्य थायरॉईड आणि डायबेटीसचा संबंध आहे हे म्हणतात ते कशावरून, तर मोठ्या लोकसंख्येवर केलेल्या अभ्यासांवरून. त्यातला जो सगळ्यात जास्त फिरतो तो नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. साडेआठ हजारांच्या जवळपास माणसं, सरासरी वय ६५, सुमारे ८ वर्षं पाठपुरावा. ज्यांचा टीएसएच जास्त त्यांच्यात टाइप २ डायबेटीसचं प्रमाण थोडं जास्त निघालं, आणि विशेष म्हणजे नॉर्मल रेंजच्या आतसुद्धा हाच कल दिसला. ज्यांना आधीच प्रीडायबेटीस होता, म्हणजे शुगर डायबेटीसच्या उंबरठ्यावर होती, त्यांच्यात फरक जास्त ठळक होता, फ्री टी४ नॉर्मलच पण खालच्या टोकाला असलेल्यांमध्ये पुढे डायबेटीस होण्याचा धोका ३५ टक्क्यांच्या आसपास आणि वरच्या टोकाला असलेल्यांमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे वाचले की कोणालाही वाटणार, मग फ्री टी४ गोळीने वर नेला की झालं काम! इथेच लोक फसतात. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यात कोणाला गोळी देऊन बघितलेलं नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, आणि ही माणसं सरासरी ६५ वर्षांची होती, तुम्ही ३८ च्या आहात.

आणि उलटी बाजू कोणी सांगतच नाही. वजन वाढलं की टीएसएच स्वतःहून थोडा वर सरकतो, चरबीच्या पेशींमधून येणारं लेप्टिन पिट्युटरीला चाळवतं हे त्यातलं एक कारण मानलं जातं. वजन उतरलं की कुठलीही गोळी न घेता टीएसएच खाली येतो, हे मी पेशंटमध्ये नेहमी बघते. म्हणजे बऱ्याच जणांमध्ये वाढलेलं वजन हे मूळ, त्याला एका बाजूने इन्सुलिन रेझिस्टन्स फुटलाय आणि दुसऱ्या बाजूने ६-७ चा टीएसएच. आणि आपण मात्र 'थायरॉईडमुळे वजन, वजनामुळे शुगर' अशी सरळ साखळी लावून मोकळे होतो. तुमच्या ६ किलोंबद्दल पण हेच सांगीन, थायरॉईड अगदी खरोखर कमी झालेलं असेल तरी त्याच्या एकट्याच्या खात्यावर साधारण २ ते ४-५ किलो पडतात आणि त्यातही बरंचसं पाणी असतं, चरबी नव्हे. सौम्य थायरॉईडने ६ किलो चढत नाहीत. राग येईल हे ऐकून, पण खरं आहे.

आता तो एचबीए१सी. ही टेस्ट शुगर थेट मोजत नाही, लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी धरतात. आता विचार करा, शरीरात नवीन लाल पेशी कमी बनायला लागल्या तर रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढणार, त्यांना साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असणार, आणि शुगर अजिबात वाढलेली नसतानाही एचबीए१सी जास्त दिसणार. लोह कमी असल्यामुळे होणाऱ्या ॲनिमियात हे होतं. थायरॉईड कमी असलं तरी हे होतं, कारण त्यातही लाल पेशी बनायचा वेग मंदावतो. तुमच्याकडे हिमोग्लोबिन ९.८ आहे, टीएसएच ६.८ आहे, आणि उपाशीपोटी शुगर चक्क ९४. प्रीडायबेटीस म्हणायला उपाशीपोटी १०० ते १२५ लागते किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४. तुमची एक टेस्ट आहे म्हणते आणि दुसरी नाही म्हणते. अशा वेळी मी ६.० ला लगेच खरं मानत नाही.

आणि गुंता इथे संपत नाही. थायरॉईड कमी असलं की पाळीत ब्लीडिंग वाढू शकतं, ब्लीडिंग वाढलं की लोह जातं, लोह गेलं की हिमोग्लोबिन पडतं आणि एचबीए१सी खोटं वर जातं, आणि लोह कमी असलं की थायरॉईडला हार्मोन बनवायलाही अडचण येते कारण ज्या एन्झाइमने ते बनतात त्याला लोह लागतं. पुढे काय होतं बघा. पेशंटला एकाच दिवशी थायरॉईडची गोळी आणि लोहाची गोळी दोन्ही लिहून मिळतात, घरी ती दोन्ही एकदमच सकाळी घेते, सोयीचं पडतं ना, आणि लोह त्या थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच बांधून ठेवतं, अंगाला लागूच देत नाही. दोन महिन्यांनी टीएसएच जिथल्या तिथे, मग डोस वाढवला, परत तेच, परत वाढवला. मग कधीतरी लोहाचा कोर्स संपतो, आणि वाढवलेला डोस आता पूर्ण शोषला जातो, टीएसएच धाडकन ०.१ वर, छाती धडधडते. माझ्याकडे अशी केस आली की मी डोसला हात लावण्याआधी गोळ्या दिवसभरात कशा आणि कधी घेतल्या जातात ते विचारते, डबा आणायला सांगते, टेबलावर मांडून दाखवायला सांगते. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. लोह असो की कॅल्शियम, थायरॉईडच्या गोळीपासून ४ तासांचं अंतर हवं. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नको, कॉफीसुद्धा नको.

तर तुमच्यासाठी पहिलं काम फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासणं. ते कमी आलं तर लोह सुरू करायचं आणि ब्लीडिंग कशाने होतंय ते स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बघून घ्यायचं, सगळा दोष थायरॉईडवर टाकू नका, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ वगैरे काही असू शकतं. शुगरचा निकाल लावायचा असेल तर ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करा, उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी परत रक्त. दोन तासांची शुगर १४० च्या आत म्हणजे ठीक, १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटीस, २०० किंवा वर म्हणजे डायबेटीस, मात्र काही लक्षणं नसतील तर तो शिक्का मारायच्या आधी आणखी एका टेस्टने खात्री करायची. यात लाल पेशींच्या वयाचा काही संबंध येत नाही. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, लोह सुरू केल्यावर नव्या तरुण पेशी भराभर येतात आणि दोन-तीन महिन्यांत एचबीए१सी आपोआप उतरतं, तेव्हा '६.० चं ५.५ झालं, प्रीडायबेटीस गेला' म्हणून आनंद करू नका, तो होता की नव्हता हेच आधी ठरलेलं नाही.

दुसरं काम, टीएसएच परत करायचा. एका टीएसएचवर आयुष्यभराची गोळी सुरू करणं मला पटत नाही. आजारातून उठताना तो तात्पुरता वाढतो, पहाटे जास्त असतो आणि दुपारी कमी, झोपेने बदलतो, आणि ४.५ ते १० मधला टीएसएच काही महिन्यांनी आपसूक नॉर्मल आलेला बऱ्याच जणांत दिसतो. म्हणून ६ ते १२ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळच्या त्याच सुमाराला. आणि बायोटिन! हे तुम्ही सहज लिहिलंत पण मी तिथेच अडकले. केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिनचा डोस ५-१० मिलीग्रॅम असतो, रोजच्या गरजेपेक्षा शेकडो पट, आणि बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये टेस्टच बायोटिनच्या जोडणीवर चालते. रक्तात फार बायोटिन असलं की टीएसएच खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि फ्री टी४ खरा आहे त्यापेक्षा जास्त. म्हणजे तुमचा खरा टीएसएच ६.८ पेक्षा जास्त असू शकतो आणि तो 'नॉर्मल' फ्री टी४ कदाचित नॉर्मल नसेलही. घाबरू नका, सगळ्या लॅबमध्ये असं होत नाही, पण टेस्टच्या आधी निदान २-३ दिवस ती गोळी बंद ठेवा आणि मग जो आकडा येईल त्यावर बोलू. शिवाय तुमचे केस लोहाच्या कमतरतेने गळत असण्याची शक्यता बायोटिनच्या कमतरतेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

त्याच रक्तात टीपीओ अँटीबॉडी करून घ्या, एकदाच करायची टेस्ट आहे, दर वेळी नको. इंग्लंडमधल्या व्हिकमला २० वर्षं लोकांवर लक्ष ठेवलेला जुना अभ्यास आहे, त्यात ज्या बायकांचा टीएसएच जास्त आणि अँटीबॉडीही पॉझिटिव्ह, त्यांच्यात दर वर्षी ४ टक्क्यांच्या थोड्या वर बायकांचं थायरॉईड पूर्ण कमी झालं, नुसता टीएसएच जास्त असलेल्यांमध्ये हेच प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अँटीबॉडी असतील तर दर वर्षी टीएसएच बघत राहायचं, नसतील तर जरा निवांत. अँटीबॉडी म्हणजे शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटलेली असते, आणि इथे डायबेटीसशी एक दुसरंच नातं निघतं, टाइप १ शी. टाइप १ मध्येही तीच गोष्ट स्वादुपिंडाबाबत घडते, म्हणून टाइप १ असलेल्यांमध्ये १७ ते ३० टक्के जणांना ऑटोइम्यून थायरॉईडचा त्रास सापडतो आणि त्यांची टीएसएच टेस्ट निदान झाल्यावर आणि नंतर ठराविक काळाने करतातच. मोठ्या वयात, बारीक अंगाच्या माणसाला शुगर निघाली, घरात कोणाला नाही, गोळ्यांना दाद देत नाही आणि वर थायरॉईडच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह, तर मी जीएडी अँटीबॉडी, म्हणजे स्वादुपिंडावर उलटलेल्या, करायला सांगते, कारण ती टाइप २ नसून हळूहळू उमलणारी टाइप १ असू शकते. तुमच्या बाबतीत आईची १२ वर्षांची शुगर, तुमचं वाढतं वजन, हे सगळं टाइप २ च्या बाजूचं आहे, त्यामुळे टीपीओ पॉझिटिव्ह आली म्हणून 'आता टाइप १ होणार' असं काही डोक्यात घेऊ नका.

गोळीचं काय. सौम्य थायरॉईडला शुगर टाळण्यासाठी गोळी द्या असं कुठलीही मोठी गाइडलाइन सांगत नाही. थकवा वगैरे लक्षणांसाठी सुद्धा पुरावा फिका आहे. २०१७ साली युरोपात ट्रस्ट नावाची ट्रायल झाली, ६५ वर्षांवरचे ७३७ जण, अर्ध्यांना खरी गोळी अर्ध्यांना नुसती साखरेची, एका वर्षाने थकव्यात आणि लक्षणांत काहीच फरक नाही. आणि गंमत म्हणजे ज्यांना खोटी गोळी होती त्यांचाही टीएसएच सरासरी ६.४ वरून ५.५ च्या आसपास स्वतःच उतरला होता. २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या गाइडलाइनमध्ये तर तज्ज्ञांनी सरळ लिहिलं की सौम्य थायरॉईडला बहुतेक मोठ्या माणसांमध्ये गोळी देऊ नका, अपवाद गरोदर किंवा गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या बायका, टीएसएच २० च्या वर असलेले, लक्षणं फारच तीव्र असलेले, आणि फार तरुण रुग्ण. यावर सगळ्यांचं एकमत नाही, बरेच एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनतज्ज्ञ १० च्या वर गोळी देतातच आणि मीही देते. ३८ वर्षांच्या बाईचा टीएसएच दोनदा ७ च्या वर आला, अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहेत, कोलेस्टेरॉल वाढलंय, थकवा आहे, तर मी तिच्याशी बोलून छोट्या डोसवर सहा महिने बघते, फरक पडला तर चालू, नाही पडला तर बंद. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर काही चुकीचं बोललेले नाहीत, फक्त पहिल्यांनी टेस्ट परत करून मग लिहायला हवं होतं असं माझं मत. गोळी सुरू केलीच तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच, त्याआधी नको, कारण हे औषध अंगात स्थिरावायलाच तेवढा वेळ घेतं.

मूल हवंय का ते तुम्ही सांगितलं नाहीये. हवं असेल तर वरचं 'थांबा, बघू' बरंचसं बाजूला ठेवा आणि लवकर दाखवा, गरोदरपणात टीएसएचची मर्यादा खाली येते, साधारण ४ च्या आसपास, आणि अँटीबॉडी पॉझिटिव्ह असतील तर गोळी देण्याकडे कल असतो. गरोदरपणातल्या शुगरची तपासणी तर तुमच्या घरचा इतिहास बघता लवकरच करावी लागेल. आणि आधीच्या बाळंतपणात शुगर वाढली होती का हे आठवून सांगा, कारण ती वाढलेली असेल तर पुढे टाइप २ होण्याच्या दृष्टीने तो मुद्दा तुमच्या ६.८ टीएसएचपेक्षा कितीतरी वजनदार आहे.

शुगर टाळायला खरोखर काय चालतं याचा पुरावा मात्र भक्कम आहे. अमेरिकेतल्या डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये, २००२ साली निकाल आले, प्रीडायबेटीसच्या तीन हजारांवर लोकांत वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा तसाच व्यायाम एवढं लक्ष्य दिलं होतं, त्यांच्यात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. तुमचं वजन मला माहीत नाही, पण समजा ७० किलो असेल तर ७ टक्के म्हणजे ५ किलो, म्हणजे दोन वर्षांत जे चढले जवळपास तेच. त्याने टीएसएचही थोडा खाली येईल हा वरचा फायदा. स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा किंवा अंगाच्या वजनावरचा व्यायाम घाला, ग्लुकोज जिरवायचं मुख्य ठिकाण स्नायू आहेत. फक्त हिमोग्लोबिन ९.८ वर एकदम जोरात काही सुरू करू नका, दम लागेल आणि तुम्ही 'थायरॉईडमुळे जमत नाही' म्हणून सोडून द्याल, आधी महिनाभर लोह जाऊ दे अंगात. रात्री जोरात घोरत असाल आणि सकाळी उठल्यावर डोकं जड वाटत असेल तर स्लीप ॲपनिया, म्हणजे झोपेत श्वास अडखळणं, तेही बघून घ्या, तो वजन, शुगर आणि थकवा तिन्हीत हात घालतो आणि बऱ्याचदा कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता आईचं. टाइप २ मध्ये सगळ्यांचा टीएसएच वारंवार करायची गरज नसते, एकदा केलेला नसेल तर करून घ्या. पण काही खुणा दिसल्या की मी लगेच करते. एक म्हणजे इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना, डोस तोच, खाणं तेच, आणि तरीही शुगर अचानक वारंवार खाली जायला लागणं. माझ्या एका पेशंटला महिन्याभरात चार-पाचदा पहाटे घाम फुटून शुगर ६० च्या खाली गेली, घरच्यांना वाटलं जेवत नाहीत नीट, किडनी तपासली ती ठीक, टीएसएच निघाला ४० च्या वर. वर सांगितलं ना, थायरॉईड कमी झालं की लिव्हर ग्लुकोज कमी सोडतं आणि इन्सुलिन जास्त वेळ टिकतं, तेच झालं होतं. आणि थायरॉईडची गोळी सुरू झाली की उलटं होतं, इन्सुलिनची गरज परत वाढते, तेव्हा घरी शुगर जास्त वेळा तपासावी लागते. दुसरी खूण, कारण नसताना शुगर वाढत जाणं आणि वजन मात्र उतरणं, तिथे जास्त चालणारं थायरॉईड शोधायचं. तिसरी, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीवर अंग फार दुखणं, कमी थायरॉईडमध्ये स्टॅटिनचा स्नायूंना त्रास जास्त होतो आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं ते थायरॉईडमुळेच असू शकतं.

आई मेटफॉर्मिनवर असेल तर अजून एक बारीक गोष्ट, ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे त्यांच्यात मेटफॉर्मिन टीएसएच थोडा खाली आणतं, फ्री टी४ मात्र बदलत नाही, म्हणून टीएसएच नुसता उतरलेला दिसला की थायरॉईड सुधारलं असं धरायचं नाही. बरीच वर्षं मेटफॉर्मिन असेल तर बी१२ सुद्धा करून घ्या, तिचा थकवा आणि पायातल्या मुंग्या त्यानेही असू शकतात. आणि वयाप्रमाणे टीएसएच थोडा वाढतोच, त्यामुळे आईचा ६-७ आला तर तुमच्या गोळीतली अर्धी तिला देऊन बघू वगैरे अजिबात करू नका, म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाची लय बिघडायला आणि हाडं ठिसूळ व्हायला जास्तीचं थायरॉईड पुरतं. रिपोर्ट घेऊन तिच्या शुगरच्या डॉक्टरांकडेच जा, गोळी द्यायची वेळ आली तरी ती अगदी कमी डोसने सुरू करायची असते आणि इन्सुलिन असेल तर त्याचं प्रमाणही त्याच वेळी बघावं लागतं.